नागाळा पार्कातला २ बीएचके भाड्याने द्यायचाय: सर्किट बेंचनंतर खरा भाव किती धरायचा?

कोथरूडचा कोल्हापूरकर

नागाळा पार्कात वडिलांच्या नावावर २ बीएचके आहे. खाली स्टिल्ट पार्किंग, त्यावर पहिला मजला, साधारण ८५० चौरस फूट कार्पेट. लिफ्ट, एक चारचाकीचं पार्किंग, किचनला ट्रॉल्या, दोन्ही बेडरूमला भिंतीतली कपाटं आणि बाथरूममध्ये गॅस गिझर. बाकी फर्निचर नाही. आधीचं कुटुंब बँकेतलं होतं, बदली झाली आणि मेअखेर घर रिकामं झालं. ते १३,००० भाडं, ४०,००० डिपॉझिट देत होते, मेंटेनन्सचे १,५०० वेगळे भरायचे.

आता चौघांकडून चार आकडे आलेत. एक एजंट म्हणतो, हायकोर्टाचं बेंच आलंय, वकिलाला ऑफिससाठी देऊया, २२,००० आणतो. दुसरा म्हणतो फॅमिलीला १८,०००, पण थोडं थांबावं लागेल. बिल्डिंगमधले काका म्हणतात १४-१५ च्या वर कोणी देत नाही. आणि कॉलेजची चार मुलं माणशी ५,००० म्हणजे २०,००० द्यायला तयार आहेत.

मी पुण्यात असतो, वडील माझ्याजवळ. कुणाचं धरायचं? करार ११ महिन्यांचा नोटरीवर केला तर चालतो का? आणि बेंचमुळे भाडी वाढलीत म्हणतात ते नक्की कुठे वाढलीत?

गंगावेस कट्टा

२२,००० मागायलेत खरं, पण देणारा कुठाय ते एजंटला विचारा. मागितलेलं भाडं आणि करारात उतरलेलं भाडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोल्हापुरात सध्या ह्या दोन्हींत बरंच अंतर पडलंय.

बेंचचं आधी बघू. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. पण सोलापूरचा वकील तारखेला येतो, रात्रभर लॉजवर राहतो आणि परत जातो, त्याला २ बीएचके नको असतो. इथं बूड टेकणाऱ्या वकिलाला ऑफिस हवं असतं ते भाऊसिंगजी रोडवरच्या बेंचच्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरात: सीपीआर हॉस्पिटल, दसरा चौक, टाउन हॉल, असेंब्ली रोड, फार तर शाहूपुरी. त्यातही तळमजला, रस्त्याला तोंड, दारात दोन गाड्या लागतील असं. पहिल्या मजल्यावरचा, आतल्या गल्लीतला फ्लॅट त्या यादीत शेवटी येतो. शिवाय बेंचच्या कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कात जागा ठरलीय. ती उभी राहील तेव्हा ही मागणी आर. के. नगर, सुभाषनगर, मोरेवाडीकडं सरकणार. त्यामुळं आजच्या बेंचवर पाच वर्षांचं गणित मांडू नका.

दुसरं म्हणजे, कोल्हापूरचा एक दर असा नसतोच. कुठल्या कामासाठी माणूस तिथं राहतोय त्यावर भाडं ठरतं. विद्यापीठ, सायबर कॉलेज, राजारामपुरीच्या गल्ल्या, सागरमाळ इथं विद्यार्थी, म्हणजे कॉट बेसिस, खाटेमागे भाडं. उजळाईवाडी, सरनोबतवाडी इथं गोकुळ शिरगाव एमआयडीसी आणि केआयटी कॉलेज. उचगावात शिरोलीचे कामगार आणि गांधीनगरचे व्यापारी. कसबा बावड्यात डी. वाय. पाटीलची मुलं आणि जिल्हा न्यायालय. तुमच्या नागाळा पार्कात जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, बँका, ताराबाई पार्कातली हॉस्पिटलं. म्हणजे तुमचा गिऱ्हाईक बदलीवर आलेला अधिकारी किंवा डॉक्टर. त्याला वाण्याची उधारी चालेल, पण एचआरएसाठी (पगारातला घरभाडे भत्ता) कागद पक्का लागतो. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की त्याच्या ऑफिसला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. वडिलांचा पॅन देणार नसाल तर हा भाडेकरू दारातूनच परत जातो, हे एजंट सांगत नाहीत.

आता थांबायचं की नाही. १८,००० साठी थांबलात आणि दोन महिने घर रिकामं राहिलं, तर वर्षाचे हातात १० × १८,००० = १,८०,०००. आजच १५,००० ला दिलंत तर १२ × १५,००० = १,८०,०००. म्हणजे दोन महिने रिकामं राहिलं की १८ आणि १५ एकच झाले, वर दोन महिन्यांचा मेंटेनन्स ३,००० खिशातनं. आणि थांबायचा काळ बघा: शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, त्याआधी बदलीवाले घर पक्कं करतात. मग आषाढ लागला की नव्या घरात कोण जात नाही, त्यानंतर पुराची धाकधूक, मग पितृपक्ष. दसऱ्यापर्यंत फोन वाजत नाही. जून ते सप्टेंबर चार महिने रिकामं धरलं तर १८,००० वालं घर पहिल्या वर्षी १,४४,००० देतं, त्यातून मेंटेनन्सचे ६,००० वजा. १५,००० पेक्षा ४२,००० कमी. दुसऱ्या वर्षी ३६,००० जास्त येतील हे खरं, पण तो भाडेकरू दोन वर्षं टिकला तर.

माझं मत: १६ सांगा, १५ वर या, ह्याच आठवड्यात.

दस्तवाला

भाड्याचा आकडा वरच्यांनी दिलाय, मी कागदाचं बोलतो. या प्रश्नात कागदच जास्त महाग पडणार आहे.

ऑफिसला द्यायचा विचार आधी सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, जाता येतं. तिथं प्रक्रिया आखीव आहे: समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्यानं बचावाची परवानगी मागितली नाही तर मालकाच्या बाजूनं आदेश होऊ शकतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दरानं नुकसानभरपाईही मागता येते. पण हे कलम फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. ऑफिसला दिली की हा रस्ता बंद, आणि मग नेहमीचा दिवाणी दावा. समोर पक्षकार स्वतःच वकील. २२,००० मधले जास्तीचे ७,००० ह्या जोखमीला पुरत नाहीत.

"राहणं आणि थोडं ऑफिस" असं संदिग्ध लिहून घेण्याचा आग्रह होईल. करारात वापर एकच लिहा: "फक्त निवासी". लायसन्सच्या (लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नेहमीचा भाडेकरार) लेखी करारातला मजकूर प्राधिकाऱ्यापुढं निर्णायक पुरावा धरला जातो, त्यामुळं त्यातला प्रत्येक शब्द तुमच्या बाजूनं किंवा तुमच्यावर उलटतो.

आता नोटरी. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलीय, तिथं एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ आहे. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशेच्या स्टॅम्पवरचा नोटरीचा कागद ह्यातलं काही वाचवत नाही. लोक तरी तोच करतात, कारण झेरॉक्सच्या दुकानात अर्ध्या तासात मिळतो.

खर्च काही फार नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. कशावर? मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, अधिक परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज. तुमचं उदाहरण घ्या, २४ महिने, पहिलं वर्ष १५,०००, दुसरं ५ टक्के वाढीनं १५,७५०:

भाडं १,८०,००० + १,८९,००० = ३,६९,०००
डिपॉझिट ६०,००० वर १० टक्के, दोन वर्षांचे १२,०००
एकूण ३,८१,०००, त्याचे ०.२५ टक्के = ९५२ रुपये ५० पैसे

नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. हेच घर पाचगाव किंवा मोरेवाडीत असतं तर ग्रामपंचायत म्हणून ५००. याशिवाय दस्त हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची मजुरी. खर्च अर्धा-अर्धा वाटायची पद्धत आहे, पण ते आधी बोलून घ्या.

दोघं एका गावात असायची गरज नाही. नोंदणी विभागाच्या पोर्टलवरून ई-नोंदणी होते, आधारवर बोटाचा ठसा आणि वेबकॅमवर फोटो. वडिलांचा ठसा पुण्यात, भाडेकरूचा कोल्हापुरात. अडतं ते इथं: वयस्कर माणसाचे ठसे उमटत नाहीत. आधीच आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या, नाहीतर दुय्यम निबंधकाकडं समक्ष जायची वेळ येते. दुसरं, फ्लॅट आई-वडील दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतील. तिसरं, प्रॉपर्टी कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का बघा. आणि करार झाल्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर झाला पाहिजे. "आधी राहायला येतो, मग करू" यात ही मुदत हमखास जाते.

भाड्यावरचा आयकर वडिलांना, तुम्हाला नाही. १,८०,००० मधून त्यांनी त्या वर्षी भरलेला घरफाळा वजा, उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट, राहील ते त्यांच्या उत्पन्नात. घरफाळा ८,००० धरला तर करपात्र १,२०,४००.

मोटर-मीटर

दोघांनीही नागाळा पार्क म्हटलं आणि पुराचा प नाही काढला!

नागाळा पार्क सगळा सारखा नाही. वरचा भाग कोरडा राहतो, रमणमळ्याकडच्या आणि खालच्या बाजूला पाणी येतं. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. भाडेकरू आता पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि एकाच रस्त्यावरच्या दोन बिल्डिंगांच्या भाड्यात फरक पडतो तो ह्याच उत्तरामुळं. एजंट "पाणी येत नाही हो" म्हणतो आणि भाडेकरू खालच्या किराणा दुकानात विचारून येतो, भिंतीवरची रेघ बघून येतो. त्यापेक्षा खरा आकडा तुम्हीच सांगा: बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या गल्लीत पाणी येतं. ते माहीत असलं की भाडेकरू स्वतः रोजची पातळी बघून गाडी कधी हलवायची ते ठरवतो.

पहिल्या मजल्यावर पाणी चढणार नाही, पण राहता येईल असं नाही. पार्किंगमधलं मीटर बोर्ड बुडण्याआधीच महावितरण लाइन बंद करते. वीज गेली की मोटर बंद, मोटर बंद की वरच्या टाकीत पाणी नाही. जमिनीतली टाकी पुराच्या पाण्यानं भरते. बाहेरून टँकर आला तरी साठवायला जागा नाही. घर कोरडं, पण माणसं बाहेर.

करून घ्यायच्या गोष्टी, बिल्डिंगच्या सभेत मांडून: मीटर बोर्ड २०२१ च्या खुणेच्या किमान दोन फूट वर. हे स्वतः हलवायचं नाही, मीटर सीलबंद असतात. महावितरणला अर्ज आणि परवानाधारक ठेकेदाराकडून काम. पाण्याच्या मोटरचा स्टार्टर त्याच उंचीवर, मोटरही शक्यतो चौथऱ्यावर. जमिनीतल्या टाकीचं झाकण कठड्यावर उचलून घट्ट बसणारं. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, नाहीतर वॉचमनच्या संडासातून घाण वर येते. लिफ्ट पाणी यायच्या आधी वरच्या मजल्यावर नेऊन मेन स्विच बंद. हे कुणी करायचं ते नाव लिहून ठेवा, कारण त्या रात्री प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो.

पूर ओसरल्यावर टाकी उपसून, घासून, पुन्हा भरून क्लोरीन मारायचं. १०,००० लिटरला ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर साधारण दीड किलो, बादलीत कालवून वरचं निवळ पाणी टाकीत, १२ तास ठेवायचं आणि ते सगळं पाणी सोडून द्यायचं. उघड्या पोत्यातली जुनी पावडर वापरली तर क्लोरीन उडून गेलेला असतो, नुसता चुना टाकल्यासारखं होतं.

करारात एक ओळ घाला: पुरामुळे सलग ३ दिवसांपेक्षा जास्त घरात राहता आलं नाही तर त्या दिवसांचं भाडं नाही. १५,००० ला दिवसाचे ५०० होतात. आठ दिवसांचे ४,००० गेले तरी भाडेकरू टिकतो. ही ओळ नसली की ऑगस्टमध्ये वाद आणि सप्टेंबरमध्ये घर रिकामं.

आणि तो गॅस गिझर. बाथरूमच्या आत असेल तर आधी काढा. दार-खिडकी बंद, आत ज्योत जळतेय, कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास येत नाही. कोरड्या बाल्कनीत बाहेर बसवून नुसता गरम पाण्याचा पाईप आत घ्या, किंवा १५ लिटरचा २ किलोवॅटचा इलेक्ट्रिक बसवा. तो साधारण ९ अँपिअर घेतो. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी. जुन्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावला तर सॉकेट काळं पडतं.

कोथरूडचा कोल्हापूरकर

सर्वांचे आभार. काकांना विचारलं: २०२१ ला पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं आणि मीटर बोर्ड छातीच्या उंचीवर आहे, म्हणजे थोडक्यात वाचलं. गिझर आतच आहे, या आठवड्यात काढतो. ऑफिसचा विषय संपला.

पण चार मुलांचे २०,००० अजून डोक्यात आहेत. तिघं इंजिनिअरिंगची, एक बारावीचा. वडिलांना फॅमिलीच हवी, मला हिशेबानं पटवायचंय.

सागरमाळ कॉट बेसिस

हिशेबानंच बघा, मग वडिलांचं पटतंय का ते.

मुलं मे महिन्यात परीक्षा संपली की जातात आणि जुलैत येतात. "सुट्टीचं भाडं अर्धं" हे मागणं ठरलेलं. लॉक-इन (ठरल्या मुदतीआधी सोडायचं नाही ही अट) लिहून घेतलं नाही तर १० महिने धरा: २,००,०००. फॅमिलीचे १,८०,०००. फरक २०,००० चा. त्यातून दरवर्षी एक हात रंग, नळाचे वॉशर, पंख्याचे कंडेन्सर, कमोडचं सीट, कपाटाची बिजागरी. मुलं वाईट म्हणून नाही, चार जणांचा वापर चौपट असतो म्हणून. माणशी १३५ लिटर पाणी धरलं तर दिवसाला ५४० लिटर, आणि मेंटेनन्स मात्र सगळ्या फ्लॅटला सारखा. शेजारी तिथूनच बोलायला लागतात.

चौघांना द्यायचंच असेल तर चौघंही एकाच करारात लायसन्सी (म्हणजे भाडेकरू), भाड्याची जबाबदारी एकत्रित आणि प्रत्येकाची पूर्ण. म्हणजे एक जण सोडून गेला तरी उरलेल्या तिघांकडून २०,००० च येतील, ५,००० कमी नाही. वेगवेगळे चार करार केले की एक खाट रिकामी राहिली तर ती तुमच्या अंगावर. बारावीचा मुलगा १८ चा नसेल तर त्याची सही करारात चालत नाही, पालकाला लायसन्सी करावं लागतं, राहणारा म्हणून मुलाचं नाव. बाकी तिघांच्याही पालकांची ओळखपत्रं आणि पत्ते घ्या. खोलीत पाचवा येऊन राहणार हे धरून चला, म्हणून "चारच व्यक्ती, पाहुणा सलग ३ रात्रींपेक्षा जास्त नाही" असं लिहा.

वीज: तुमचा फ्लॅट स्वतंत्र मीटरचा आहे म्हणून सोपं. बंगल्यात वर-खाली पोटमीटर लावून एकाच कनेक्शनवर चार खोल्या चालवतात तिथं गोंधळ होतो. महावितरणचे स्लॅब १०० आणि ३०० युनिटला बदलतात. चार खोल्यांनी प्रत्येकी ९० युनिट वापरले तर मीटरवर ३६०, आणि १०० च्या वरचे २६० युनिट महागड्या स्लॅबांना. स्वतंत्र मीटर असते तर चौघंही १०० च्या आत. मालक मग सरसकट जादा दर लावतो आणि भांडण सुरू. तुमच्या बाबतीत एवढंच करा: बिल भरल्याची पावती दर महिन्याला मागवा. थकलेलं बिल शेवटी जागेच्या कनेक्शनवरच राहतं. चावी देताना आणि घेताना मीटरच्या रीडिंगचा फोटो.

गॅस: मुलांच्या नावावर कनेक्शन नसतं. पाच किलोचा छोटा सिलिंडर रीतसर मिळतो, तो वापरायला सांगा. इंडक्शन आणि हिटर दोन्ही एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावतात, ते तेवढं बघा.

जीएसटीची भीती घालणारा भेटेल. २०२४ च्या जुलैपासून माणशी महिना २०,००० पर्यंत आणि सलग किमान ९० दिवस राहणाऱ्या निवासाला सूट आहे. तुमचा ५,००० चा विषय त्याच्या आसपासही नाही.

सोसायटी म्हणून नोंदणी आहे का अपार्टमेंट, ते बघा. सोसायटी असेल तर भाड्यानं दिल्याबद्दल नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय आहे. "बॅचलर नको" असा तोंडी ठराव सांगतील. कराराची प्रत आणि पोलिसांकडं दिलेली भाडेकरूची माहिती सचिवाला लेखी द्या, पोच घ्या. पोलिसांची माहिती फॅमिलीला दिलं तरी भरायचीच, ऑनलाइन होते, भाडेकरू राहायला यायच्या आधी.

एकूण काय, फ्लॅट राजारामपुरीत किंवा विद्यापीठाच्या बाजूला असता तर मुलांना द्या म्हटलं असतं. तिथं पुढची बॅच दारात उभी असते. नागाळा पार्कातून कॉलेजला रोज बस किंवा गाडी, त्यामुळं ही चार मुलं पुढच्या वर्षी टिकतील याची खात्री नाही. तुम्ही पुण्यात बसून नळाचे फोन घेणार असाल तर फॅमिलीच.

ई वॉर्ड

आकड्यावरनं एवढा काथ्याकूट कशाला? नोंदलेली भाडी बघता येतात, फुकट.

नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च, त्यात मोफत शोध. वर्ष निवडा, जिल्हा कोल्हापूर, तालुका करवीर, मग ई वॉर्ड आणि मिळकत क्रमांकाच्या जागी आपल्या बिल्डिंगचा सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर). तो घरफाळ्याच्या पावतीवर नसला तर खरेदीपत्रात असतो. फ्लॅट नंबर टाकू नका, नुसता सि.स.नं. टाकलात की त्या क्रमांकावरचे दस्त येतात. नियमित नोंदणी आणि ई-नोंदणी हे दोन वेगळे पर्याय आहेत, दोन्ही बघा. भाडेकरार बहुतेक दुसऱ्यात सापडतात, आणि "काहीच निघालं नाही" म्हणणारे तोच बघायचा विसरतात. इंडेक्स २, म्हणजे दस्ताचा सारांश, उघडला की मुदत, रक्कम, डिपॉझिट दिसतं. कॅप्चा दोन-तीनदा नाकारतो, सकाळी लवकर बघितलं तर बरं चालतं.

वाचताना एक काळजी. रक्कम महिन्याची आहे की पूर्ण मुदतीची ते मजकुरात तपासा, नुसता मोबदल्याचा रकाना बघून दचकू नका. आणि काही जण करारात कमी भाडं दाखवून उरलेलं रोख घेतात. शेजारच्या तीन बिल्डिंगांचे क्रमांक टाकून बघितलं की असा एखादा विचित्र कमी आकडा लगेच उठून दिसतो. स्वतः तसं करू नका, वाद झाला तर कागदावरचं तेवढंच भाडं मागता येईल.

गंगावेस कट्टा, तुमचा १५ चा अंदाज बरोबर निघतो का ते आता कळेलच.

कोथरूडचा कोल्हापूरकर

बघितलं. आमच्या सि.स.नं. वर तीन करार निघाले, तिन्ही २ बीएचके. दोन फॅमिलीचे १४,००० आणि १४,५००, एक फर्निचरसकट १७,०००. शेजारच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा एक २१,००० चा आहे, तो बहुतेक ऑफिसचा असावा. २२,००० चा आकडा तिथूनच उचललेला दिसतोय.

वडिलांना दाखवलं, १५,००० वर तयार आहेत. १६,००० सांगून एका डॉक्टर जोडप्याशी बोलणं चालू केलंय. त्यांनी पहिलाच प्रश्न पाणी कुठपर्यंत येतं हा विचारला. काकांकडून बंधाऱ्याच्या पातळीचा आकडा मागवलाय.

दस्तवाला

डॉक्टर असतील तर "फक्त निवासी" ही ओळ आणखी घट्ट लिहा. हॉलमध्ये टेबल टाकून पेशंट तपासणं सुरू झालं की वापर बदलला. आणि दोघांनाही लायसन्सी करा, एकालाच नको. करार नोंदवायला टाकायच्या आधी मसुदा इथं टाका, नावं आणि नंबर झाकून, नजर टाकतो.

गंगावेस कट्टा

१५ च्या खाली आले तर ५०० सोडा भावा, पण शाळा सुरू व्हायच्या आत चावी द्या.